खुडूक न झालेली कोंबडी

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी कोंबडी आहे. माझा तुरा आता फिका पडला आहे आणि मी अंडी देत नाही. तरीही इस्त्रीवाल्या बाई मला रोज मूठभर दाणे टाकतात. असे का, ते सांगते.

माझा जन्म आईच्या पंखाखाली झाला नाही. एका मोठ्या यंत्राच्या उबेत मी कवच फोडून बाहेर आले. नर पिल्लांना लगेच वेगळे काढले गेले. माझे भाऊ पुढे कुठे गेले, ठाऊक नाही. मी पिंजऱ्यात वाढले. पोटात आधी पिवळा बलक सुटे, त्याभोवती पांढरे साचे, मग वर कवच चढे. अंडे बाहेर पडले की तिरप्या जाळीवरून घरंगळत निघून जाई. मी वळून पाहत नसे. तिथे कोंबडा नव्हता. कोंबड्याविना अंडी होतात, पण त्यांतून पिल्लू निघत नाही. हे मला तेव्हा माहीत असते, तरी काही वाटले असते असे नाही.

अंडी कमी झाली तेव्हा मला विकायला काढले. इस्त्रीवाल्या बाईंनी मला भाचीसाठी घेतले. भाचीची आई, म्हणजे बाईंची थोरली बहीण, नुकतीच वारली होती. मुलगी मावशीकडे आली. जेव म्हटले की जेवायची, नीज म्हटले की निजायची. रडली मात्र नाही. बाई एकट्या राहणाऱ्या, दिवसभर कपड्यांच्या ढिगात बुडालेल्या. आपल्याला मुलांचे काही जमत नाही, पोरीला वसतिगृहात ठेवावे म्हणते, असे त्या शेजारणीला सांगत. मुलगी आतच असे, सगळे ऐकत.

शेजारणीचा कोंबडा अंगणात येऊ लागला. क्षणभर पाठीवर चढे आणि उतरून चालता होई. तेवढ्याने पुढे कितीतरी दिवस माझ्या अंड्यांत जीव धरत असे. शेजारणीने टोपलीत भुसा पसरून त्यावर अंडी मांडली आणि मला बसवले. कोंबडी खुडूक झाली, की दाणापाणी विसरून अंडी उबवत बसते. पण आमची जात फक्त अंड्यांसाठी वाढवलेली. ते वेड आमच्यातून जवळजवळ गेलेच आहे. मी उठले. पुन्हा बसवले, पुन्हा उठले.

शेजारीण म्हणाली, "हिला पोसून काय उपयोग? देऊन टाका कुणाला तरी."

मुलगी दारात उभी होती. आल्यापासून पहिल्यांदा ती आपणहून बोलली. "तिला जमत नाही, म्हणून पाठवून द्यायचं?"

बाईंनी इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाल्या, "नाही जमत तर नाही जमत. आपण दोघी बघू."

एका खोक्यात त्यांनी विजेचा दिवा लावला, ओलाव्यासाठी पाण्याची वाटी ठेवली आणि अंडी मांडली. आधी ऊब जास्त झाली आणि काही अंडी वाया गेली. उरलेली मुलगी शाळेआधी आणि शाळेनंतर फिरवून ठेवी. दिव्यासमोर धरल्यावर काहींत रक्ताचे लाल बारीक दोरे दिसले, तेव्हा मावशी-भाचीची डोकी एकमेकींना लागली.

तीन आठवड्यांनी कवचे तडकली. पिल्ले चोचीवरच्या इवल्या टोकाने आतून टोकरत होती. एक अर्ध्यावरच थांबले आणि पुन्हा हलले नाही. मुलीने ते तळहातावर घेतले, आणि इतके दिवस न आलेले रडे तिला त्या पिल्लापाशी आले. बाई खाली बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तशाच राहिल्या. गिऱ्हाईक हाक मारून परत गेले.

अंगावर पिसे आल्यावर पिल्लांना अंगणात सोडले. ती माझ्या पोटाखाली शिरली. मला माया दाटून आली, असे खोटे सांगणार नाही. मी पाय थोडे फाकवून उभी राहिले.

वसतिगृहाचे नाव पुन्हा निघाले नाही. मला मुलांचे जमत नाही, असे बाई अजूनही म्हणतात. मुलगी "हं" म्हणते आणि त्यांना आणखी भात वाढते.

मित्रांनो, कुणाला माया दाखवता येत नसेल, तर त्याला लगेच मोडीत काढू नका. थोडे त्याच्याजवळ बसा. ऊब हळूहळूच चढते.