पलंगाखालचा होल्डॉल

मी एक जुना होल्डॉल आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. मी जाड कापडाचा आहे. पसरलो की अंथरूण आणि गुंडाळलो की सामान. दोन्ही टोकांना खिसे, पोटावरून आवळायला चामड्याचे पट्टे. चाके मला नाहीत. मला माणसाचा खांदा लागतो.

तंबू शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याने उरलेल्या कापडातून मला शिवले. दाभण टोचताना तो म्हणे, "ही शिवण उसवली तर माझं नाव बदला!" शिवण अजून शाबूत आहे. त्याचे नाव मात्र मला कधी कळलेच नाही.

मला विकत घेतले प्रसूतिगृहातल्या एका परिचारिकेने. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यांचे यजमान बस कंडक्टर होते आणि मुलगा एकुलता एक, बाळ्या. सुट्टी लागली की आम्ही निघायचो. आधी बस, मग रेल्वे, आणि शेवटी फेरीबोट. बोटीच्या डेकवर मला पसरले की बाळ्या माझ्यावर पालथा पडून कठड्याच्या फटीतून पाणी बघत बसे. "आमचा होल्डॉल म्हणजे राजाचा पलंग!" असे तो शेजारच्या मुलांना ऐकवी. मग मी असा काही फुगायचो, की पट्टे आवळायला कंडक्टरसाहेबांना माझ्यावर गुडघा रोवावा लागे.

त्या घरात एक पद्धत होती. प्रवासातून कोणी आले की हातपाय धुवायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि मग वाट सांगायची. या दारापासून त्या दारापर्यंत. गाडी कुठे खोळंबली, शेजारी कोण बसले, कुणी जागा दिली, कुणाशी वाजले. कंडक्टरसाहेब म्हणत, "पोचलात ते दिसतंय. आलात कसे ते सांगा." त्यात मीठमसाला चाले, खोटे मात्र चालत नसे. मधला एखादा थांबा गाळला तरी घरातले हटकत.

दिवस गेले. कंडक्टरसाहेब गेले. बाळ्या शिकून पाण्यापलीकडच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर लागला, संसारी झाला. आता तो विमानाने ये-जा करी. मी माळ्यावर धूळ खात पडलो. त्याने नवे घर घेतले तेव्हा सिस्टरांना बोलावले. "आई, विमानानं ये. बसलीस की पोचलीस."

"तेच नको मला," सिस्टर फोनवर म्हणाल्या. "माझं लेकरू किती लांब गेलंय, ते माझ्या पाठीला कळू दे की!"

त्यांनी मला माळ्यावरून काढले, पट्ट्यांना तेल चोळले, आणि आम्ही जुन्याच वाटेने निघालो. तो प्रवास फार सुखाचा झाला.

धक्क्यावर बाळ्या घ्यायला आला होता. आईला पाहून त्याचा चेहरा फुलला. मग त्याची नजर माझ्याकडे गेली आणि त्याने आजूबाजूला पाहिले. कुणी ओळखीचे नाही ना, असे. मी जर माणूस असतो तर मान खाली घातली असती.

टॅक्सीत तो चाचरत म्हणाला, "आई, संध्याकाळी सासूसासरे जेवायला आहेत. सासऱ्यांनी विचारलं, विहीणबाई विमानानंच येतील ना? मी हो म्हणून बसलोय. घरातही सगळ्यांना तेच वाटतंय."

"बरं. मग?"

"मग काही नाही. विषय निघालाच तर तू नुसतं हो म्हण."

सिस्टर खिडकीबाहेर बघत राहिल्या. "बसच्या कंडक्टरचा मुलगा रे तू," एवढेच त्या म्हणाल्या.

घरी पोचताच, सूनबाई यायच्या आत, बाळ्याने मला पलंगाखाली पायाने ढकलले आणि वरून चादर ओढून घेतली. ज्याला मी डेकवर निजवले होते, त्याचा तो पाय होता.

खोलीचे दार उघडे होते. चादरीच्या कडेखालून मला जेवणाचे टेबल दिसत होते आणि तिथले सगळे ऐकू येत होते.

"काय विहीणबाई, खिडकीची जागा मिळाली का?" व्याह्यांनी विचारले.

"मिळाली हो," सिस्टर म्हणाल्या.

तेवढ्यात नात उठून त्यांच्याकडे धावली. तिला घरात ठकी म्हणतात. बाळ्याने बाकी काही सोडले असले तरी ती पद्धत सोडली नव्हती. ठकी शाळेतून आली की तो तिच्याकडून रोज वाट ऐकून घेई. "आजी, तू वाट सांगायची राहिलीस! सांग ना!"

सिस्टर घुटमळल्या. "वाट... खाली ढग होते."

"मग?"

"मग पोचले."

"एवढीच?" ठकीचा आवाज पडला. "बाबा तर म्हणतात, तुझ्याइतकी छान वाट कुणालाच सांगता येत नाही."

नुसते चमचे वाजत होते. मग व्याहीच उदारपणे म्हणाले, "जाताना मी येतो गाडी घेऊन. विहीणबाईंना विमानतळावर सोडायचा मान आमचा!"

बाळ्याला ठसका लागला. सिस्टरांनी त्याच्यापुढे पाणी सरकवले आणि म्हणाल्या, "भाऊ, मी विमानानं आलेच नाही. बस, रेल्वे आणि बोटीनं आले. लाज वाटली, म्हणून मीच बाळ्याला तसं सांगायला लावलं."

"अगंबाई!" बाळ्याच्या सासूबाई खळखळून हसल्या. "एवढंच ना? अहो, मी विमानात बसले की पिशवी तोंडाशी धरूनच उतरते! आणि हे शूरवीर माझा हात सोडत नाहीत!"

"आता ते कशाला सांगतेस?" व्याही पुटपुटले, आणि सगळे हसू लागले. बाळ्याही हसला. ते हसू ऐकून पलंगाखालच्या अंधारात मलाच मेल्याहून मेल्यासारखे झाले.

ठकी हसली नाही. "आजी, तू वाट सांगताना खोटं सांगितलंस?"

"हो बाळा."

ठकी आजीपासून दूर झाली. टेबलाला वळसा घालून ती बापाच्या मांडीवर जाऊन बसली आणि त्याच्या शर्टात तोंड लपवले.

आता हसणे थांबले. बाळ्याचा हात तिच्या पाठीवर गेला नाही.

"ठके, उतर," तो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू येईना. "आजीकडे जा. आजी खोटं नाही बोलली. मी बोललो. आजीला बोलायला लावलं, तेही मीच. तिनं माझ्यासाठी अंगावर घेतलं, आणि मी घेऊ दिलं."

सासूबाईंनी भातवाढणी हळूच खाली ठेवली. सूनबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. सिस्टर म्हणाल्या, "जेव आधी. गार होतंय."

तो जेवला नाही. उठून खोलीत आला, गुडघे टेकून मला बाहेर ओढले आणि बाहीने माझ्यावरची धूळ पुसत राहिला. धूळ फार नव्हती.

सिस्टर निघाल्या तेव्हा व्याह्यांची गाडी नको म्हणून त्याने मला स्वतःच्या खांद्यावर घेतले. बसच्या गर्दीतून धक्क्यापर्यंत तो मला असाच घेऊन गेला. मायलेक फारसे बोलले नाहीत. काही गोष्टींवर लगेच बोलता येत नाही.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, कसरीपासून जपा, असे मी सांगणार होतो. पण ते राहू द्या. कापड विरले तर ठिगळ लावता येते. एवढे मात्र करा, की तुमच्यासाठी कुणी लांबून, पाठ दुखवून, बोटीतून डुलत आले, तर ते कसे आले हे चारचौघांत त्यांनाच सांगू द्या. आणि ते सांगत असताना त्यांच्या शेजारी बसा.