मुक्या टीव्हीचा रिमोट

मी रिमोट बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, जन्मभर दुसऱ्याला बोलायला लावलं, मला स्वतःला तोंड कुठे आहे? म्हणून आज एकदाच सगळं ओकून टाकतो. मध्येच बटण दाबू नका, दाबलंत तरी उपयोग नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते माझ्या पाठीवरच्या चिठ्ठीवर छापलेलं होतं. ती चिठ्ठी पद्माकररावांनी पहिल्याच आठवड्यात नखाने खरवडून काढली. बसल्याबसल्या काहीतरी खरवडायची त्यांना सवयच आहे. त्यामुळे मला विचाराल तर माझं गाव बडोदं. त्यातही विमानतळाजवळचा समा भाग, आणि समातलं हे टेनामेंट, दोन घरांत एकच भिंत असलेलं. पलीकडे रंजनबेन खोकल्या तर अलीकडे मृदुलाताई विचारतात, काढा देऊ का?

घरी आलो त्या दिवशी मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर चढवलं. का, तर खराब होऊ नये. आणि मग त्याच पिशवीवर शेवउसळीची तर्री, पापडाचं तेल, सगळं पुसलं! माझ्या अंगावर चाळीसएक बटणं, या घराने कधी पाचाच्या पुढे वापरली नाहीत. पद्माकररावांना पाठ खाजवायला मी लागतो. सेल संपत आले की नवे आणायचे सोडून मला तळहातावर थाडथाड आपटायचं, मग सेल काढून उलटे करून तेच परत घालायचे. मार खाऊन मी चालतो असा यांचा ठाम समज. माणसांची ही एक गंमतच आहे, समोरचा थकला की त्याला मारायचं.

पद्माकरराव युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं, मग प्रश्न कुणी विचारलेला असो वा नसो. मृदुलाताई शाळेत शिकवत होत्या. बोलणं मोजकं, पण नजर बाईची! मुलगा उन्मेष औषधांच्या कंपनीत, महिन्यातून दोनदा दिल्ली. आणि मधुवंती त्याची बायको, लग्न होऊन मिरजेहून आलेली, अजून नवीच.

आता या घरची मराठी तुम्हाला सांगायला हवी. मराठीच, पण तिला जागोजागी गुजरातीची ठिगळं. "बेस ने जरा", "काही वांधो नाही", "चाल, जमून घेऊ", म्हणजे जेवून घेऊ. बिचारी मधुवंती सुरुवातीला सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. एकदा रंजनबेनचा नातू भोकाड पसरून रडत होता आणि त्या त्याच्यावर ओरडत होत्या, "छानो रे! छानो रे!" मधुवंती आत येऊन मृदुलाताईंना म्हणाली, "आई, मूल एवढं रडतंय आणि या त्याला छान काय म्हणताहेत?" छानो रे म्हणजे गप्प बस. झालं! पद्माकररावांनी ती गोष्ट अख्ख्या सोसायटीत वाटली. मधुवंतीही हसली. नव्या सुनेला हसावंच लागतं.

आणि मग तो दिवस आला.

उन्मेष दिल्लीहून दुपारच्या विमानाने परत येत होता. इथून विमानतळ म्हणजे हाकेच्या अंतरावर. मधुवंती स्कूटर घेऊन त्याला आणायला निघाली होती, हेल्मेट हातात, एक चप्पल पायात. तेवढ्यात पद्माकररावांनी सहज म्हणून मला दाबलं आणि टीव्हीवर लाल पट्टी आली. दिल्लीहून बडोद्याला आलेल्या विमानाचं पुढचं चाक उघडत नाही. विमान शहरावर घिरट्या घालतंय. इंधन संपवून मग तसंच उतरवणार.

"उन्मेषचंच आहे हे," मधुवंती म्हणाली. "बाबा, मी जाते."

"कुठे जातेस? रस्ता अडवलाय पोलिसांनी, दाखवतायत बघ. तिथे जाऊन तुला काय दिसणार? कुंपणाची भिंत! इथे बस. इथे सगळं दिसतं."

सगळं दिसतं म्हणे! मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. माझं सगळं आयुष्य त्या टीव्हीच्या समोर गेलंय. काय दिसतं तिथे ते मला ठाऊक आहे.

तेवढ्यात घरावरून खरोखरचं विमान गेलं. तावदानं थरथरली. मधुवंती धावत दारापुढच्या ओट्यावर गेली. ते इतकं खाली होतं की पांढरं पोट दिसलं असणार, आणि त्या पोटात तिचा नवरा. आणि आतून पद्माकरराव काय ओरडले सांगू? "मधू, आत ये, आत ये, लाइव्ह दाखवतायत!"

त्या क्षणी टीव्हीवर जे विमान होतं ते कॉम्प्युटरवर काढलेलं होतं. शेपटीला जाळ लावलेलं. खऱ्या विमानाच्या शेपटीला काही झालेलं नव्हतं, पण जाळाशिवाय यांना करमत नाही. खालच्या चौकटीत एक गृहस्थ उन्मेषच्या विमानाची कुंडली मांडत होते. विमानाची! आणि मधोमध तो सूट घातलेला निवेदक घशाच्या शिरा ताणून विचारत होता, "क्या यह सफ़र आख़िरी सफ़र होगा?"

मधुवंतीने हेल्मेट छातीशी धरलं. मृदुलाताई देवापुढे उभ्या होत्या, पण कान इकडेच.

"चूप बस, मेल्या!" पद्माकरराव ओरडले आणि त्यांनी माझं आवाज बंद करायचं बटण असं काही दाबलं, की ते आतच रुतून बसलं.

टीव्ही मुका झाला. आणि माझ्या जातीचं दुखणं असं, की एक बटण रुतलं की बाकीची सगळी बसतात. आवाज वाढेना, चॅनल बदलेना. मग काय, थाड, थाड, थाड! सेल काढले, उलटे घातले. टीव्ही भिंतीला असा चिकटवून टांगलेला की त्याच्या मागच्या बटणाला बोट पोहोचत नाही. टांगणाऱ्याला तेव्हा सांगितलं होतं पद्माकररावांनीच, "अगदी सपाट दिसला पाहिजे." घ्या आता सपाट!

शेवटी मला मधुवंतीच्या हातात दिलं. "तुझी नखं लांब आहेत, बघ उचलता येतंय का." आणि स्वतः मोबाइलवर कंपनीचा नंबर लावत बसले. तिकडे बाई सांगत होती, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

मधुवंतीने केसातली पिन काढली. पिशवी फाडली आणि ते बटण उकरायला लागली. किती थंड हात होते तिचे! उन्मेषचा फोन बंद होता तरी मधूनमधून लावत होती, की परत पिन. "चल ना रे," ती मला म्हणाली. मला आजवर कुणी असं अजीजीने काही म्हटलं नव्हतं. मी काय करणार होतो? रबराचं बटण, रुतलं ते रुतलं. त्या दिवशी मला माझी इतकी चीड आली, काय सांगू!

आणि विमान उतरायला लागलं. या वेळी खरं. मागची चाकं टेकली, नाक वर उचललेलं. ते नाक हळूहळू खाली आलं, जमिनीला घासलं, ठिणग्यांचा लोट उठला, मग धूर, मग धुराशिवाय काही दिसेना.

आणि जाहिरात लागली! खोटं सांगत नाही. धुरातून थेट गंजीफ्रॉक. एक पहिलवान गंजीफ्रॉक घालून आमच्याकडे बघून हसत होता.

तिघांपैकी कुणी हललं नाही.

आता रंजनबेनचा टीव्ही. त्यांच्याकडे दुसऱ्या केबलवाल्याचं कनेक्शन, ते आमच्यापेक्षा नेहमी जरा पुढे धावतं. क्रिकेटमध्ये विकेट त्यांच्याकडे आधी पडते आणि भिंतीतून आम्हाला कळते. त्या गुजराती चॅनल बघत होत्या आणि तिथे जाहिरात नव्हती. उन्मेष त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. त्यांनी पाहिलं आणि तशाच अनवाणी धावत आल्या. धाप लागलेली, डोळ्यांतून घळाघळा पाणी, पदर तोंडाशी. दारातच खाली बसल्या आणि म्हणाल्या,

"मृदुलाबेन, पती गयुं! पती गयुं!"

बडोद्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल याचा अर्थ. पती गयुं म्हणजे पार पडलं, झालं, सुटलो एकदाचे. पद्माकरराव "हाश!" करून खुर्चीत कोसळले आणि हसायला लागले, हसता हसता रडायला लागले. मृदुलाताई स्वयंपाकघरात धावल्या.

आणि मधुवंतीने काय ऐकलं? पती गेला.

मी तिच्या मुठीत होतो. मला तेवढंच कळलं की मूठ एकदम सैल पडली. ती भिंतीला टेकली आणि घसरत खाली बसली. समोर रंजनबेन रडतायत, सासरे वेड्यासारखे हसतायत, टीव्हीवर गंजीफ्रॉक. अरे, बघा रे तिच्याकडे! एकाने तरी बघा! मला दोन्ही भाषा येतात, या घरात राहून आल्या, पण तोंड नाही. देवाने एवढी बटणं दिली, एक तोंड नाही दिलं.

मृदुलाताई साखरेचा डबा घेऊन आल्या. पहिली चिमूट सुनेला. "मधू, तोंड उघड. साखर घे, बाळा, साखर!" आणि तिच्या ओठांत साखर घातली.

मधुवंतीने ती थुंकली. उठली. मला उचललं आणि जीव खाऊन टीव्हीवर फेकलं. पहिलवानाच्या कपाळापासून खालपर्यंत काच तडकली, माझं झाकण एकीकडे, सेल दुसरीकडे.

"साखर भरवताय मला? तुमचा मुलगा गेला आणि तुम्ही... वेड लागलंय का सगळ्यांना?"

"कोण गेला?" मृदुलाताई म्हणाल्या.

"त्या म्हणाल्या ना! पती गेला म्हणून!"

मग पद्माकररावांना उलगडा झाला आणि ते खदखदा हसले. अगदी मांडीवर थाप मारून. "अगं वेडे, पती गयुं म्हणजे..."

"हसू नका!" मृदुलाताईंचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या खाली जमिनीवर बसल्या, मधुवंतीला दोन्ही हातांनी जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "उतरलं विमान. उन्मेष आहे. ऐकतेस ना? आहे तो. आपला उन्मेष आहे." हेच परत परत, साध्या मराठीत, एकही ठिगळ न लावता. मधुवंतीला ते पटायला वेळ लागला. तडकलेल्या काचेत लोक विमानाच्या घसरगुंडीवरून उतरताना दिसत होते, तरी ती नाही नाही म्हणून मान हलवत होती. शेवटी उन्मेषचा फोन आला तेव्हा ती रडली, आणि अशी रडली की फोनवर त्याला वाटलं, इथेच काहीतरी झालंय.

उन्मेष आला, कोपराला एवढंसं खरचटलेलं. त्याच संध्याकाळी घरात वीसेक माणसं, आणि पद्माकररावांनी गोष्ट सुरू केली. विमान कसं उतरलं ही नव्हे. "पती गयुं"ची! लोक पोट धरून हसले. उन्मेषसुद्धा हसला. रंजनबेन तेवढ्या ओशाळून म्हणत होत्या, "मारी भूल, बेटा, मारी भूल." मधुवंती चहाचे कप गोळा करून आत गेली.

मृदुलाताईंनी पद्माकररावांना आत बोलावलं. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडलो होतो, मला चिकटवायला म्हणून आणलेलं. त्या हळूच म्हणाल्या, "ती तेवढा वेळ विधवा होती हो या घरात. आणि आपण तिघंही आपल्याच आनंदात होतो. तिच्याजवळ कुणी नव्हतं."

"अगं, गंमत आहे ती. शेवट गोड झाला ने?" असं म्हणून ते बाहेर गेले आणि नव्याने आलेल्या पाहुण्यांना पहिल्यापासून सांगायला लागले.

नवा टीव्ही आला, त्याच्याबरोबर त्याचा रिमोट आला. माझी सुटका होईल असं मला वाटलं. कसली सुटका! मला चिकटपट्टीने बांधून शोकेसमध्ये ठेवलं. पाहुणा आला, गोष्ट निघाली, की पद्माकरराव मला बाहेर काढून नाचवणार, "हाच तो रिमोट! अस्सा फेकला सूनबाईंनी!" इथेच अकोट्याला एका लग्नात तर मला खिशात घालून नेलं. दर वेळी मधुवंतीचे डोळे आधी माझ्याकडे जातात, मग ती काहीतरी काम आठवून उठते. मला फेकणारा तो हात मी विसरलेलो नाही. तो गमतीने फेकणारा हात नव्हता. पण लोकांना फक्त तडा दिसतो, आणि ते हसतात.

तुम्हालाही सांगतो, ऐकत असाल तर. गोष्ट तुमच्या घरची असली तरी ती सोसली कुणी ते बघा, आणि सांगायची की नाही ते त्या माणसाला विचारा.

आज सकाळी मधुवंतीने शोकेस उघडली. इकडेतिकडे बघितलं, मला काढलं आणि भंगाराच्या पिशवीत, जुन्या सेलांच्या शेजारी घातलं. वळली तर दारात मृदुलाताई. ती एकदम घाबरली. त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं, वर जुनी वर्तमानपत्रं घातली, तोंडाला गाठ मारली आणि म्हणाल्या, "दे इकडे. गाडी आलीय वाटतं, मीच देऊन येते."

आता मी भंगाराच्या गाडीत आहे. अंगाखाली पत्रे टोचतायत, पण बरं वाटतंय. संध्याकाळी छाणीहून पाहुणे यायचे आहेत. पद्माकरराव मला शोधतील.

शोधू देत.