ट्रेव्हरच्या डब्यातला हात

लेन अ‍ॅस्क्यूचा उजवा हात फेब्रुवारीत थरथरायला लागला. बायकोपासून, हिलरीपासून, त्याने ते आठवडाभर लपवले, शिशाच्या सैनिकांच्या लढाया खेळणाऱ्या आपल्या क्लबापासून मात्र लपवतच राहिला. सायकलच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर या माणसाला एकच सुख उरले होते. बीस्टनच्या घरात मागच्या खोलीच्या खिडकीशी बसायचे, बोटाच्या दोन पेरांएवढे शिशाचे सैनिक घ्यायचे, एकाचे डोके कापून दुसऱ्याच्या धडावर चढवायचे, पुट्टीचे नवे कोट घालायचे, आणि मग भिंगाखाली धरून बटणांपासून बुबुळांपर्यंत रंगवत राहायचे. लढाईच्या खेळात चाळीस वर्षे तो बहुतेक हरतच आला होता, पण त्याचे पथक टेबलावर लागले की लोक फासे हातात धरून बघत राहत. मे महिन्यातल्या प्रदर्शनासाठी त्याने चोवीस जणांचे पथक कबूल केले होते. ते झाले नाही तर आपल्याला कोण विचारणार, या धास्तीने त्याला एका जागी बसवेना. चहा करून तो ओट्यावरच विसरायचा, जिना चढायचा, आणि कशाला चढलो ते न आठवून परत उतरायचा.

दोन घरे पलीकडे राहणारा त्याचा जुना मित्र ट्रेव्हर ओल्डनो नाताळाच्या आधी वारला होता. क्लबच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या रंगवलेल्या फौजा सगळ्यांत वाटल्या गेल्या आणि सुट्या हातापायांचा डबा सगळ्यांत जवळच्या मित्राकडे, म्हणजे लेनकडे आला.

"तो वर ने," हिलरी म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर नको."

तिला या पसाऱ्याचा वीट आहे, एवढेच लेनने त्यातून घेतले.

क्लबात आणखी एक नेम होता. मेलेल्याच्या डब्यातला पहिला तुकडा मरून पडलेल्या सैनिकाला लावायचा, उभ्याला नाही. सांगताना सगळे हसत, पण मोडत कुणी नसे. आणि प्रत्येकजण आपल्या फौजेत कुठेतरी एक सैनिक स्वतःच्या तोंडवळ्याचा करी. लेनचा लेन म्हणजे मागच्या ओळीतला टकला ढोलकीवाला. त्याला ढोलाची काठी देण्यासाठी मुठीतली जुनी तलवार काढताना लेनचा हात थरथरला, कटर घसरला आणि इवला उजवा हात मनगटातून उडून गालिच्यात गेला. तासभर गुडघ्यांवर रांगूनही सापडला नाही. मग त्याने ट्रेव्हरचा डबा उघडला. वरच ट्रेव्हरचा ट्रेव्हर होता, अर्धवट, पोट सुटलेला, काठी धरायला मूठ वळलेली. असली मूठ शोधून मिळत नाही. नेम आठवला नाही असे नाही, पण हा पोरखेळ आता कोण पाळत बसणार, असे पुटपुटत त्याने ती कापली, गिरमिटाने भोक पाडले, तारेची पिन घातली आणि गोंद लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप उचलताना चहा हिंदकळला नाही.

लेन आनंदाने वेडा व्हायचा बाकी राहिला. तीन आठवड्यांत चोवीसच्या चोवीस तयार झाले. हात असा चाले की आपण बघत बसावे. फक्त रात्री झोप लागत नसे, आणि हात पांघरुणाखाली काहीतरी चाचपत असल्यासारखा वाटे.

प्रदर्शनाच्या सकाळी क्लबची पॉलीन भिंग घेऊन टेबलावर वाकली.

"म्हाताऱ्या, कमाल केलीस रे! पण हे डोळे?"

"काय झालं डोळ्यांना?"

"सगळे डावीकडे बघतायत. तुझे तर नाकासमोर बघतात, बावळटासारखे. हे ट्रेव्हचं काम. आठवतं का, तो म्हणायचा, चढाईत माणूस शत्रूकडे बघतच नाही, शेजारी काय करतोय ते बघतो." ती हसली. "इतकी आठवण येते होय तुला त्याची?"

लेनने एकेक सैनिक उचलून पाहिला. त्यातला एकही डोळा आपण रंगवल्याचे त्याला आठवेना. बक्षिसाची वाट न बघता त्याने ढोलकीवाला खिशात टाकला आणि बस पकडून घर गाठले. ती मूठ कापायची, एवढेच डोक्यात होते. हात पुन्हा थरथरेल, पुन्हा रंगवता येणार नाही, तर नाही. पण तो आपला तरी असेल.

हिलरी स्वयंपाकघरात शब्दकोडे सोडवत होती. त्याने ढोलकीवाला टेबलावर ठेवला आणि खणातून कटर काढला. उजव्या हाताने तो घेतला नाही, म्हणून डाव्याने घेतला. डाव्या हाताला या कामाची सवय नव्हती. पाते ढोलकीवाल्याच्या मनगटावर नीट बसेना.

"लवकर आलास," ती कागदावरून नजर न काढता म्हणाली.

खाली वाकल्यामुळे तिची एक बट गालावर आली होती. लेनचा उजवा हात टेबलावरून उठला. लेनने तो उठवला नव्हता. लग्नाला सदतीस वर्षे झाली, पण तिच्या केसांना असा हात लावणे त्याला कधी सुचले नव्हते. हाताने ती बट हळूच कानामागे सारली आणि तो तिथेच थांबला.

हिलरीने मान वर केली नाही. पेन्सिल खाली ठेवून, डोळे मिटून, तिने जुन्या सवयीने त्या तळव्यावर गाल टेकवला.