इनोबत ओयींच्या नानवरचा शिक्का

मी नानवर उमटवायचा एक जुना शिक्का आहे, मित्रांनो. दिसायला अगदी साधा. जर्दाळूच्या लाकडाची एक आखूड मूठ आणि तिच्या तळाशी फुलाच्या पाकळ्यांसारखे ठोकलेले लोखंडी खिळे. आमच्या फरगाना खोऱ्यात घरोघरी माझे भाऊबंद आहेत. तंदुराला लावण्याआधी नानच्या मध्यभागी आम्हाला दाबतात. भोके पडली नाहीत तर नान मधोमध फुगतो, तंदुराच्या भिंतीवरून सुटतो आणि निखाऱ्यात पडतो. लोकांना माझी नक्षी दिसते. मी नान सांभाळतो हे फक्त भाजणारीला माहीत असते.

मला एका म्हाताऱ्या उस्तादांनी घडवले. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचे, म्हणून प्रत्येक खिळा ते अंगठ्याने चाचपून ठोकत. शेवटी त्यांनी मला ओल्या मातीवर दाबून पाहिले, तोंड वाकडे केले, दोन खिळे उपटले आणि पुन्हा बसवले. मग म्हणाले, "आता ठीक. एकसारखे दोन शिक्के मी करत नाही. हरवलास तरी ठशावरून सापडशील."

इनोबत नावाची मुलगी लग्न होऊन सासरी आली तेव्हा सासूने मला तिच्या हातात दिले. त्या दिवसापासून मी तिचा. शेजारणी तिला ओपा म्हणत, म्हणजे ताई. पुढे मुलगा झाला आणि तो तिला ओयी म्हणू लागला, म्हणजे आई. मीही तेच म्हणतो. छत्तीस वर्षे तिच्या तळहातात राहिलो आहे, एवढा हक्क मला असावा.

ती वर्षे फार चांगली होती. पहाटेची नमाज झाली की ओयी तंदूर पेटवत. पिठाच्या गोळ्याला हात लावताना बिस्मिल्ला, मला उचलताना बिस्मिल्ला, तंदुरात वाकताना बिस्मिल्ला. त्यांचा तंदूर गल्लीत सर्वांत चांगला तापायचा, म्हणून शेजारणी आपापली परात डोक्यावर घेऊन तिथेच यायच्या. कुणाचा शिक्का मोडलेला, कुणाचा मुलांनी खेळायला नेलेला. मग मी या हातातून त्या हातात फिरायचो. "ओपा, तुमच्या शिक्क्याने ठसा मारला की सासूबाई नावं ठेवत नाहीत," असे एकीने म्हटले होते. ते मी अजून विसरलो नाही. स्तुती कुणाला आवडत नाही?

ओयींचा एकुलता एक मुलगा एल्मुरोद. वडील लवकर गेले, म्हणून मायलेक दोघेच. मोठा होऊन तो गावच्या शाळेत भूगोल शिकवू लागला आणि संध्याकाळी फोनवर ब्लॉग लिहू लागला. सुरुवातीला तो झाडांविषयी, जुन्या पुलांविषयी लिहायचा. एका उन्हाळ्यात मात्र गावचा पाट कोरडा पडला. कचेरीत पाणीपाळी दिल्याची नोंद होती आणि पाटात पाणी नव्हते. एल्मुरोद तीन दिवस पाटाच्या काठाकाठाने वर चालत गेला. पाणी एका बड्या माणसाच्या मत्स्यतळ्यांत वळवले होते. त्याने फोटो काढले आणि ब्लॉगवर टाकले.

"बाळा, मासे त्यांचे, तळी त्यांची. तुझं काय जातं?" ओयींनी विचारले.

"ओयी, तू पीठ कशाने मळतेस?"

"पाण्याने. तुझ्या फोनने नाही मळत."

"मग त्याचंच लिहिलंय."

तो हसला आणि ओयीही हसल्या. नंतर कितीतरी दिवस त्यांनी स्वतःला त्या हसण्याबद्दल दोष दिला.

त्याला शाळेतूनच नेले, वर्ग चालू असताना. खोट्या बातम्या पसरवल्या म्हणून पाच वर्षांची शिक्षा झाली आणि दूर वाळवंटातल्या तुरुंगात पाठवले. आमच्या गावाहून तिथे पोहोचायला बसने पूर्ण एक दिवस लागतो.

मित्रांनो, त्यानंतर मी चाळीस दिवस खिळ्याला टांगून होतो. माझ्या दातांत पीठ वाळले. तंदुरात कोळ्याने जाळे विणले. आणि एकही शेजारीण आली नाही. त्या वाईट नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या. ओयींच्या दारात कोण जाते याची नोंद ठेवली जाते, अशी कुणकुण होती. मी भिंतीवरून रस्त्याकडे पाहायचो. बायका परात घेऊन जायच्या आणि आमच्या फाटकापाशी आल्या की पाय उचलायच्या.

एक्केचाळिसाव्या दिवशी ओयींनी मला सुईने टोकरून स्वच्छ केले. त्यांनी नवस केला होता. मुलाचे तोंड दिसेपर्यंत दर सोमवारी आणि गुरुवारी रोजा धरायचा, आणि महिन्यातून एकदा स्वतःच्या हातचा नान त्याला नेऊन द्यायचा.

तुरुंगाच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर खोलिदा नावाची एक विधवा राहते. लांबून येणाऱ्या बायकांना ती आपला तंदूर वापरू देते. ओयी बुधवारी संध्याकाळी तिच्याकडे उतरत, गुरुवारी सकाळी नान भाजत आणि दहाला खिडकी उघडली की रांगेत उभ्या राहत. त्या दिवशी त्यांचा रोजा असायचा. इतके नान भाजले, पण त्यांतला एक घास कधी त्यांच्या तोंडात गेला नाही. मी त्यांच्या कोटाच्या खिशात असायचो. खिडकीपाशी पोहोचल्यावर त्यांची मूठ माझ्यावर घट्ट आवळायची.

पार्सल घेत. भेट मात्र देत नसत. पहिल्यांदा म्हणाले, साथ आहे, भेटी बंद. दुसऱ्यांदा, तो शिक्षेच्या खोलीत आहे. मग कागद अपुरे. मग कागद जुने झाले. एकदा तर आत बसलेला माणूस जेवायला गेला तो परतलाच नाही, आणि ओयी बंद खिडकीसमोर तीन तास उभ्या होत्या. अशी दीड वर्षे गेली. बाकीच्या बायका आपापल्या माणसाला भेटून यायच्या, डोळे पुसायच्या आणि ओयींपासून जरा लांब बसायच्या. त्यांची माणसे चोरीत, मारामारीत आत गेली होती. लिहिण्यावरून आत गेलेल्याच्या आईशी बोलायला त्यांना भीती वाटायची. आपल्या भेटी बंद झाल्या तर?

मग एका गुरुवारी ओयींना आत कचेरीत बोलावले. कॅप्टन वयाने त्यांच्या मुलाएवढाच असेल. त्याने खुर्ची दिली, चहा विचारला.

"रोजा आहे," ओयी म्हणाल्या.

"असू दे, असू दे. मावशी, हे बघा, तुमचा मुलगाच भेट नको म्हणतो. तसं त्याने लिहून दिलंय. तुम्ही इथे सही करा, की माझी काही तक्रार नाही, आणि मोकळ्या व्हा. एवढ्या लांबून येता, गुडघे कुरकुरत असतील."

"तो नको का म्हणेल?"

"आत आल्यावर माणूस बदलतो, मावशी. लाज वाटते. राग येतो. कधीकधी आईचाच येतो."

सही केली असती तर भेटीचा अर्ज कायमचा निकालात निघाला असता, हे ओयींना ठाऊक होते. पण दीड वर्ष त्याची एक ओळ आली नव्हती. त्यांच्या मनात हा संशय आधीपासूनच घर करून होता. त्यांनी खिशातला हात बाहेर काढला. माझ्यावरची ऊब गेली. पेन कागदाला टेकल्याचा आवाज मी ऐकला.

कॅप्टनला वाटले असावे, अजून थोडा जोर लावायला हवा.

"मागच्या वेळचा नान आम्ही नेऊन दिला ना, तर त्याने तो फरशीवर आपटला आणि पायाने बाजूला सारला."

ओयींचे पेन कागदावरच थांबले.

"साहेब, तुमची आई आहे?" ओयींनी हळूच विचारले.

"आहे. त्याचं काय?"

"घरी जाल तेव्हा तिला विचारा. नानचा तुकडा खाली पडला तर आपली पोरं काय करतात? उचलतात, ओठाला लावतात, कपाळाला लावतात आणि पाखरांसाठी उंचावर ठेवतात. माझ्या लेकाला अजून चालता येत नव्हतं, तेव्हापासून तो हे करतो. रांगत जाऊन करायचा." त्यांनी पेन टेबलावर ठेवले. "तुम्ही दुसरं काहीही सांगितलं असतंत ना, तर मी मानलं असतं. मानायलाच आले होते."

कॅप्टन खिडकीबाहेर पाहू लागला. मग कागद ओढून घेत म्हणाला, "तुमची मर्जी. मग आता पार्सलही बंद. सहा महिने."

पुढच्या महिन्यात ओयी तरीही गेल्या. अर्ज तर स्वतःच्या हाताने द्यायचा होता. पण पिशवीत पीठ नव्हते. गुरुवारी सकाळी त्या खोलिदाच्या अंगणात भिंतीला टेकून बसल्या. मी सवयीने खिशात होतो. समोर पाच बायका पीठ मळत होत्या. त्यांतली तुर्सुनोय, ट्रॅक्टर चालवणाऱ्याची बायको, जिचा मुलगा आत होता, हात झटकत आली. दीड वर्षात ती ओयींशी सलामापलीकडे बोलली नव्हती.

"ओपा, तुमचा शिक्का देता का जरा? माझा घरी राहिला."

"राहिला?" खोलिदा तंदुरात वाकूनच म्हणाली. "मग तुझ्या पिशवीतून काय डोकावतंय, तुझ्या नवऱ्याचं नाक?"

"त्याला गंज चढलाय."

"नवऱ्याला?"

"दोघांनाही."

दुसरी म्हणाली, "ओपा, हिचं झालं की मला द्या. माझा मांजराने नेला."

"मांजर शिक्के खातं का गं?"

"आमच्याकडचं खातं. उपाशी आहे बिचारं."

ओयींना आता कळले होते. त्यांचा नान आत जाणार नव्हता, पण ठसा जाऊ शकत होता. त्यांनी मला खिशातून काढले, कोटाच्या बाहीने पुसले आणि तुर्सुनोयच्या हातात दिले. त्यांचे बोट माझ्यावरून पटकन सुटेना. मी पाच हातांतून फिरलो, मित्रांनो. खरबरीत, गरम, पिठाने माखलेले हात. त्या दिवशी मी तेरा नानांवर उमटलो. प्रत्येक वेळी ओयी मान खाली घालून बसल्या जागेवरून बिस्मिल्ला म्हणत होत्या.

दहाला खिडकी उघडली. ओयी अर्ज घेऊन रांगेत सर्वांत शेवटी उभ्या होत्या. शिपायाने पहिली पिशवी उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली.

"काय हो, सगळ्या एकाच घरच्या का?"

"तंदूर एक आहे, साहेब," तुर्सुनोय म्हणाली.

त्याने सुरी काढली. आत काही लपवले नाही ना हे बघायला ते प्रत्येक नानचे चार तुकडे करतात. आमच्याकडे नानला सुरी लावत नाहीत, हाताने तोडतात. म्हणून सुरी चालली की रांगेतल्या सगळ्या बायका दुसरीकडे बघतात. त्या दिवशी एकीनेही नजर काढली नाही. ठसा मध्यभागी असतो. नानचे चार तुकडे केले तर फुलाचा एकेक कोपरा चारही तुकड्यांत जातो.

ओयींचा अर्ज त्या दिवशीही परत आला.

महिन्याने तुर्सुनोय आपल्या मुलाला भेटून बाहेर आली. काचेपलीकडे पहारेकरी बसलेला असतो, म्हणून तिला काही विचारता आले नव्हते. ती ओयींजवळ येऊन बसली, अगदी खांद्याला खांदा लावून.

"माझा म्हणाला, नान सगळ्यांनी वाटून खाल्ला. एक जण म्हणे तुकडा हातात घेऊन कितीतरी वेळ बसून राहिला. मास्तर म्हणतात त्याला. याने विचारलं, खात का नाहीस? तर म्हणाला, थांब जरा."

ओयींनी मला मुठीत धरले. मग त्यांनी विचारले, "पण खाल्ला ना?"

"खाल्ला, ओपा."

ओयींनी डोळे मिटले. त्यांच्या मुठीत मी ओला झालो.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. माझी मूठ चिरली आहे, खिळे झिजले आहेत. त्या तेरा नानांआधी मी ओयींच्या हातातली फक्त एक वस्तू होतो, आणि तेवढेच पुरे आहे असे मला वाटायचे. तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. तुमच्या गल्लीत एखाद्या घराला सगळे टाळू लागले, तर त्या घरी काहीतरी मागायला जा. चाळणी मागा, सुई मागा, चिमूटभर मीठ मागा. तुम्हाला गरज नसली तरी मागा. आत बसलेल्या माणसाला उठून दार उघडावे लागेल, आणि आपल्याजवळ अजून देण्यासारखे काहीतरी आहे हे त्याला आठवेल.

ओयींनी अजून एल्मुरोदचे तोंड पाहिलेले नाही. आज बुधवार आहे. बस वाळवंटात शिरली आहे, खिडकीतून धूळ येते आहे. ओयींच्या मांडीवर नव्या अर्जाचा कागद आहे, आणि तो उडू नये म्हणून त्यांनी मला त्यावर ठेवले आहे.