महादेवाचं कासव

सिद्धाराम सरांचं माणसांबद्दलचं मत फार पूर्वीच ठरून गेलं होतं. अंबाजोगाईच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, आणि बरणीतल्या बेडकाइतकी अक्कलही समोरच्या बाकांवर सापडली नाही, हे ते निवृत्त झाल्यावरही भेटेल त्याला सांगत. 'गाढवापुढे वाचली गीता' ही म्हण त्यांच्या तोंडी इतकी बसलेली, की तिचं दुसरं अर्धं शिवकांताबाई स्वयंपाकघरातूनच पुरं करायच्या. पुरं करताना त्यांचा रोख कोणाकडे असे, हे सरांनी कधी मनावर घेतलं नाही.

त्यामुळे खडकवाडीच्या जाहीर चर्चेचं बोलावणं आलं तेव्हा सरांनी नाक मुरडलं आणि मनातून ते खूश झाले. एवढे मूर्ख एकाच जागी, तेही बसलेले, मिळण्याचा योग निवृत्त माणसाला वारंवार येत नाही.

प्रकरण असं होतं. घाटनांदूर रस्त्याला खडकवाडीच्या गायरानात विजयसिंह नावाच्या पुढाऱ्यानं 'सागरदर्शन' वॉटर पार्क काढला होता. ज्या गावात उन्हाळ्यात नळाला पाणी आलं की बायका एकमेकींना हाका मारत सुटतात, त्या गावात सागर. घसरगुंड्या झाल्या, सिमेंटचा देवमासा झाला, देवमाशाच्या पोटात वडापावचं दुकान झालं. तरी पुढाऱ्याची हौस भागेना. मग कोकणातून एक जिवंत समुद्री कासव आलं. जाळ्यात गुरफटून त्याचा पुढचा एक पाय फाटला होता. उपचारासाठी म्हणून परवानगी निघाली, आणि काचेच्या टाकीत, तिकीट लावून, उपचार सुरू झाले. जखम केव्हाच भरून आली. उपचार मात्र चालूच राहिले.

प्रणिता ही सरांची जुनी विद्यार्थिनी, आता जनावरांची डॉक्टर. बोभाटा केला तो तिनं. आधी फोनवर, मग पेपरात. निवडणूक तोंडावर होती, म्हणून विजयसिंहानं मोठेपणा घेतला आणि जाहीर करून टाकलं की जमीन गावाची आहे, तेव्हा कासवाचंही गावच ठरवेल. प्रणितानं लगेच किनाऱ्यावरच्या एका कासव केंद्राला कळवलं. त्यांची गाडी चर्चेच्या दिवशी पार्कच्या फाटकात येऊन उभी राहणार होती. गाव हो म्हणालं की कासव त्याच गाडीतून समुद्राला जाणार होतं. आदल्या दिवशी ती सरांच्या घरी येऊन बसली. भाषण करू नका, तो प्राणी कसा जगतो एवढंच साध्या शब्दांत सांगा, लोक ऐकतात, असं तिनं परत परत विनवलं. सर हसले. 'लोक' या शब्दालाच ते हसत.

दुसऱ्या दिवशी सर जरा लवकर पोचले आणि टाकीपुढे जाऊन उभे राहिले. जन्मभर समुद्री कासव शिकवणाऱ्या या माणसानं जिवंत समुद्री कासव आजवर पाहिलेलं नव्हतं. ते काचेला थडकत होतं, वळत होतं, पलीकडच्या काचेला जाऊन थडकत होतं. मधेच डोकं पाण्याबाहेर काढून ते थांबलं. डोळ्यांतून घट्ट पाणी ओघळत होतं. हे इथून गेलं पाहिजे, आजच गेलं पाहिजे, असं सरांना मनापासून वाटलं. त्यांनी काचेवर हात टेकला, आणि कोणी पाहिलं तर नाही ना, हे बघून काढून घेतला.

चर्चा देवमाशाच्या सावलीत भरली. पहिले बोलले मिठाचे व्यापारी शिवलिंगप्पा. ग्रामीण भागातल्या लेकरांना समुद्राचं ज्ञान मिळालं पाहिजे, असं त्यांचं कळकळीचं म्हणणं पडलं. टाकीतलं पाणी खारं करायला खड्यामिठाची पोती त्यांच्याच दुकानातून येत, याचा उल्लेख त्या कळकळीत राहून गेला. त्यांच्यानंतर पुण्याहून आलेला एक प्राणिमित्र उभा राहिला. प्रत्येक जीव स्वतंत्र आहे, दावणीचा बैलसुद्धा, असं म्हणून त्यानं बैल सोडून देण्याचं आवाहन केलं. गहिनीनाथ पाटलांनी त्याला बसल्या जागेवरून विचारलं, "मग पेरणीला तुमी येता का?" सभा हसली आणि तिथंच फिरली. कासव राहू द्या, बिचारं खाऊनपिऊन सुखी हाय, असं जो तो म्हणू लागला. प्रणिताचा चेहरा उतरला. फाटकात गाडीचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता.

तेवढ्यात बायकांतून मुक्ताबाई उठल्या. देवळाची झाडलोट त्यांच्याकडे असे. त्यांनी सरळ सरांकडे पाहून विचारलं, "सर, त्याच्या डोळ्यातून पाणी कावून येतं?"

प्रणितानं मान वर केली. याहून चांगला प्रश्न कोणी विचारला नसता. कासव समुद्राचं खारं पाणी पितं, त्यातलं जास्तीचं मीठ डोळ्यांवाटे बाहेर टाकतं, त्याचं सगळं शरीर समुद्रासाठी घडलेलं आहे. एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. सरांच्या ते जिभेवर होतं. पण त्यांनी सभेवर नजर फिरवली. टोप्या, पदर, तंबाखू मळणारे हात. यांना शरीररचना सांगायची? सरांच्या ओठांच्या कोपऱ्यात ते जुनं हसू आलं, आणि गाढवांना गाढवांच्याच भाषेत हाकलायचं त्यांनी ठरवलं.

"मुक्ताबाई," ते म्हणाले, "महादेवाच्या देवळात गेल्यावर आधी हात कोणाला लावता?"

"कासवाला."

"त्याचं तोंड कुणीकडं असतं?"

"देवाकडं."

"आणि याचं?"

सगळ्या माना टाकीकडे वळल्या. कासवाचं तोंड वडापावच्या दुकानाकडे होतं.

"देवाचं कासव तुम्ही भज्यांच्या कढईपुढं बसवलंय. रडेल नाही तर काय करेल?"

मुक्ताबाईंनी हात जोडले. मागची म्हातारी माणसं टोप्या काढून उभी राहिली. शिवलिंगप्पांनी तर स्वतःचे कानच धरले. सरांना वाटलं, किती सोपं असतं हे. आपण उगाच तीस वर्षं खडू झिजवला. प्रणिता वाकून त्यांच्या कानाशी लागली. "सर, समुद्र म्हणा. समुद्राचं नाव घ्या आधी." सरांनी तिला हातानंच गप्प केलं. यांना कळायचं ते कळलंय, असा त्या हाताचा अर्थ होता.

विजयसिंह मात्र मुरलेला पुढारी. वारं फिरलेलं त्याला पोटातून कळत असे. त्यानं उठून माईक घेतला. "सरांनी आमचे डोळे उघडले. कासव हितं राहनार न्हाई." टाळ्या पडल्या. प्रणिताही टाळ्या वाजवत उठली. "ते आत्ताच्या आत्ता आपल्या महादेवाच्या बारवेत जाईल. तोंड देवाकडं करून."

आता ज्या टाळ्या पडल्या त्यांत प्रणिताच्या नव्हत्या.

सर धडपडत पुढे झाले. बारवेतलं पाणी गोडं आहे, ते चालणार नाही, असं ते ओरडून सांगू लागले. पण माईक बंद झाला होता आणि हलगी सुरू झाली होती. गहिनीनाथ पाटलांनी त्यांच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला. "लई गोड पानी हाय, सर. उन्हाळ्यातबी आटत न्हाई."

ओल्या पोत्यांवर ठेवून कासव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून निघालं. शेजारी, गळ्यात हार आणि खांद्यावर शाल घालून, सरांना बसवलं होतं. मिरवणुकीला वाट हवी म्हणून फाटकातल्या गाडीला मागं सरकायला लावलं. बारवेच्या पायऱ्यांवर गर्दी मावेना. महादेवाच्या गजरात कासव पाण्यात सोडलं गेलं, आणि पहिल्या दुधाचा मान सरांना मिळाला. त्यांनी तांब्या हातात धरून ठेवला. मग गर्दीतल्या कोणीतरी त्यांचा हात धरून तो ओतवला.

प्रणिता वरच्या पायरीवर उभी होती. निघताना ती एवढंच म्हणाली, "पुढाऱ्याच्या टाकीतून काढता आलं असतं, सर. आता देवाच्या बारवेतून कोण काढणार?"

घरी शिवकांताबाईंनी हार, शाल आणि नवऱ्याचं तोंड पाहिलं. "हात दाखवून अवलक्षण," म्हणाल्या, आणि पानं घ्यायला आत गेल्या.

त्यानंतर सर रोज खडकवाडीला जाऊ लागले. बारवेच्या दारात शिवलिंगप्पांच्या मुलानं नारळ आणि बेलाचं दुकान टाकलं होतं. सर येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून कासव इथून हलवा म्हणून सांगत, लोक त्यांच्या पाया पडून पुढे जात. पाणी दुधानं गढूळ झालं होतं, वर हळद तरंगत होती. कासवाचं चापल्य दिवसेंदिवस जात चाललं होतं. आता ते एका कडेला कलून नुसतं तरंगत राही.

एका दुपारी बारवेत फक्त मुक्ताबाई होत्या. पायऱ्या झाडता झाडता त्यांनी समाधानानं सांगितलं, "बगा सर, आता रडत न्हाई."

सर खालच्या पायरीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. खारं पाणी, पोटात जाणारं मीठ, डोळ्यांवाटे निघणारं मीठ, गोड्या पाण्यात हळूहळू जाणारी ताकद. मुक्ताबाईंनी झाडू बाजूला ठेवला. मधे एकदा त्यांनी विचारलं, की लोणच्यातली कैरी साध्या पाण्यात टाकली की जशी मऊ पडते, तसंच का. बरंचसं तसंच, सर म्हणाले. मुक्ताबाई कासवाकडे पाहत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मला समजलं की सगळं," त्या म्हणाल्या. "मंग त्या दिवशी मी विचारलंतं, तवा हेच कावून न्हाई सांगितलं?"

या प्रश्नाचं उत्तर सरांनी जन्मभर भेटेल त्याला दिलं होतं. मुक्ताबाईंसमोर ते तोंडातून निघेना. त्यांच्या पायाशी कासव कललेलं तरंगत होतं, तोंड देवाकडे करून.