आठव्या प्रश्नाशी अडलेली रिना

माझा स्वभाव खोदून खोदून विचारण्याचा. वरोऱ्याला घरी सगळे म्हणतात, नाहीद मास्तरीण झाली नसती तर पोलिसात गेली असती. अहेरीपलीकडच्या एका लहान गावातल्या शाळेत मी शिकवते, आणि त्या फेब्रुवारीत रिनाच्या पेपरांनी माझी झोप उडवली होती.

रिना पाचवीत. आमच्या शाळेत पाचवीपुढे वर्गच नाहीत; पुढची शाळा जंगलापलीकडे. निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेत नंबर लागला तर ती शिकणार, नाहीतर घरी बसणार. तिच्या आईने, मनकर्णाबाईंनी, तोंडावर सांगितलं होतं, "जंगलातून पोरीले रोज एकटी कशी धाडू, मॅडम?"

सराव पेपरात रिनाचे पहिले सात प्रश्न बरोबर, आठवा अर्धवट, पुढे सगळं कोरं. दुसऱ्या पेपरातही तेच, कुठेतरी मध्येच गाडी थांबलेली. आधी मी चिडले. मग तेच कोरे प्रश्न तोंडी विचारले, तर पोरीने फटाफट उत्तरं दिली! आता मात्र मला चैन पडेना.

सुटीत वरोऱ्याला गेले तेव्हा तोच पेपर भावाच्या मुलीपुढे, मदीहापुढे ठेवला. तीही पाचवीतच, पण महागड्या शाळेत. गणितात रिनापेक्षा कच्ची. मी शेजारी नाक खुपसून बसले. आठव्या प्रश्नाशी तिने तोंड वाकडं केलं आणि सरळ नववा सोडवायला घेतला. शेवटी मार्क रिनापेक्षा कितीतरी जास्त.

"आठवा का सोडला गं?"

"फूफी, नहीं आया तो आगे बढ़ने का ना!"

"हे तुला कोणी शिकवलं?"

ती विचारात पडली. कोणी शिकवल्याचं तिला आठवेना. बालवाडीपासून तिच्या परीक्षाच परीक्षा; चालता चालता अंगवळणी पडलेलं.

परत आल्या आल्या रिनाला गाठलं, मदीहाचा सगळा किस्सा सांगितला. "अडलं की पुढे का जात नाहीस?"

"एक झाल्याबिगर दुसरं कसं करू?" ती म्हणाली. "फळ्यावरचं गणित होईपर्यंत आपल्या वर्गात दुसरं येतच नाई."

खरं होतं. आमच्याकडे घड्याळ लावून पेपर सोडवतो कोण? मला हसू आलं आणि रागही आला, पण रिनाचा नाही.

"मोहफुलं वेचायला जातेस ना? झाडावरचं फूल पडायची वाट पाहत खाली बसतेस का?"

"काऊन बसू? पडलेलं वेचतो, दुसऱ्या झाडाखाली जातो. मंग परतून येतो." बोलता बोलता ती थांबली. पेपर स्वतःकडे ओढला आणि आठव्याला तसाच ठेवून नवव्याला लागली.

उन्हाळ्यात निकाल लागला. रिनाचा नंबर होता! मनकर्णाबाईंनी घरोघरी साखर वाटली. मी उड्या मारायचीच काय ती बाकी होते. रिना मात्र शाळेच्या पायरीवर एकटीच बसलेली.

"मॅडम, मदीहाले कोणंच सांगतलं नोतं, तरी तिले माहीत होतं. तसं अजून किती राह्यते?"

"मला नाही माहीत गं."

"मंग तिथं मले कसं समजन?"

मी तिच्याजवळ बसले आणि सुचेल ते सांगत सुटले. भूक असेल तर भात पुन्हा मागायचा. चप्पल तुटली तर लपवायची नाही. दुखलंखुपलं तर वॉर्डनला सांगायचं. जितकं सांगावं तितकं आणखी आठवत होतं.

"आणि काही समजलं नाही, तर हात वर करायचा."

"सगळे हासले तं?"

"तरी करायचा."

तिने तिथेच हात वर केला. "मॅडम, वॉर्डन म्हंजे कोण?"