काउंटसाहेबांची टाळी

आन्सेल्म वोकियेने गळ्याच्या रुमालाची गाठ पुन्हा सोडली. दारात त्याचा जुना विद्यार्थी बाझील उभा होता, आता स्वतःच्या छापखान्यातून वर्तमानपत्र काढणारा, डोक्यावरची टोपीही न काढता.

"मास्तर, आज खरंच वर्तमानपत्रांचं तोंड बंद करणाऱ्या त्या कायद्याच्या बाजूने बोलणार?"

"राजावर हल्ला झाला, बाझील. भर रस्त्यात माणसं मेली. वर्तमानपत्रांनी रोज विष ओतायचं आणि आम्ही बघत बसायचं?"

"मी ओततो विष?"

"तुझं नाव घेतलं का मी?"

"वर्गात तुम्हीच सांगायचात, उदारमतवाद म्हणजे सत्तेला तोंडावर विचारायची मुभा. त्यापायी नोकरी गेली तुमची."

"तेव्हाचा राजा उमरावांचा होता."

"आणि आताचा?"

"आपण क्रांती करून बसवलेला. मिळवलेलं सांभाळणं, हाही उदारमतवादच."

बाझील हसला. "पाटी तीच, दुकान दुसरं. बरंय मास्तर." आणि तो जिना उतरून गेला.

सेराफीन स्वयंपाकघरातून आली. तिने नवऱ्याच्या रुमालाची गाठ मारून दिली.

"घट्ट होतेय का?"

"नाही," तो म्हणाला. होत होती.

संसदेच्या सभागृहात त्याचं भाषण अर्ध्यावर आलं आणि पहिली टाळी पडली. आन्सेल्मने मान वर केली. टाळी काउंट द ब्रेकूर यांची होती. जुन्या राजाच्या काळात आन्सेल्मचा वर्ग याच माणसाने बंद करवला होता. नव्या राजाशीही त्याने छान जमवून घेतलं होतं. इतर बाकं मागोमाग वाजू लागली. आन्सेल्मचे जुने सोबती मात्र खाली बघत होते. त्याची ओळ हरवली. पाणी पिऊन त्याने उरलेलं भराभर संपवलं.

कायदा मंजूर झाला. बाहेर पडताना काउंटने त्याचा दंड धरला.

"मी तेव्हा हेच म्हणत होतो, प्राध्यापक. तुम्हाला पटायला जरा वेळ लागला, एवढंच."

आन्सेल्म पायीच घरी निघाला. कुणी ओळखीचं दिसलं की रस्ता ओलांडत होता.

घरी जेवणाच्या टेबलापाशी बाझीलची बायको ओदील बसली होती, मांडीवर झोपलेलं मूल. समोरचं सूप निवून गेलं होतं.

"हळू बोला," सेराफीन म्हणाली. "मघाशी पोलीस छापखान्याला टाळं लावून गेले. बाझीलला घेऊन गेले. ही दोघं इथेच राहतील."

"पण कायदा तर आत्ताच..."

"वाट बघायची गरज वाटली नसेल त्यांना."

ओदीलने डोळे पुसले आणि ती उठू लागली. तिला त्याचा हात हातात घ्यायचा होता.

"तुम्ही सभागृहात आहात, मास्तर, म्हणून धीर आहे. नाहीतर आमच्यासाठी तिथे बोलणारं कोण आहे?"

आन्सेल्मने बायकोकडे पाहिलं. आज तो कोणत्या बाजूने बोलला, हे सेराफीनने तिला सांगितलं नव्हतं. ती वाकून ओदीलचं सूप पुन्हा गरम करायला घेऊन गेली, आणि तो तसाच उभा राहिला, अंगातला कोट न काढता.